अद्भुत (फँटसी) कादंबरी लिहून झाली, वाचक १३ ते १७ वयाचे, गाव नागपूर : आता छापायची कशी?

अंबाझरीकाठ
नमस्कार मंडळी. नागपुरात एका शाळेत विज्ञान शिकवते. गेली काही वर्षं पहाटे उठून आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत जे लिहीत होते, ते पूर्ण झालंय. कादंबरी आहे, साधारण ७० हजार शब्दांची. नायिका पंधरा वर्षांची, नागपूरच्या महाल भागात राहणारी, दहावीच्या क्लासेसनी गांजलेली. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, तिला कळतं की, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून आपण जी ईडापीडा गावाबाहेर घालवतो ती खरोखर कुठेतरी जाऊन साठते, आणि तिथून आता कुणीतरी उलट निघालंय. गोष्ट तिथून काटोल रोडवरच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांपर्यंत जाते आणि तिसऱ्या भागात गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेपाशी पोचते.

एका प्रकाशकांनी कळवलं की, १०० पानांत बसवा, चित्रं टाकू, बालसाहित्य म्हणून काढू. दुसऱ्यांनी वाचायच्या आधीच खर्चाचा आकडा पाठवला, म्हणजे पैसे माझे. तिसरीकडून पोचही आली नाही.

मला चित्रांचं पुस्तक नकोय. माझ्या वर्गातली मुलं जाड जाड इंग्रजी अद्भुत मालिका दप्तरातून आणतात, बाकाखाली धरून वाचतात. त्यांना मराठी येतं, घरी मराठीच बोलतात. त्यांच्या वयाचं, त्यांच्या गावाचं आणि त्यांच्या जाडीचं पुस्तक मराठीत असावं एवढंच मला हवंय. ज्यांनी पहिलं पुस्तक काढलंय, छापलंय किंवा विकलंय, त्यांनी सांगा : कोणत्या रस्त्याने जाऊ? पैसे भरून काढू का? नेटवर टाकू का? की थांबू?

बर्डीकर
आधी अभिनंदन! ७० हजार शब्द पूर्ण करणं म्हणजे अर्धी लढाई जिंकली ताई. मारबतीवर अद्भुत कादंबरी आजवर कोणाला सुचली कशी नाही याचंच आश्चर्य वाटून राहिलं. प्रकाशन समारंभाला तर्री पोहे माझ्याकडून.

कडूलिंब
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मराठीत या वयाचा गिऱ्हाईकच नाही. दहा वर्षांपर्यंत पुस्तक आईबाप घेऊन देतात. तेराव्या वर्षी पोरगं स्वतः निवडतं आणि इंग्रजी निवडतं. मोठ्यांची मराठी कादंबरी मोठे घेतात, तीही ऐतिहासिक असेल तर. तुमच्याकडे भोसल्यांचं नागपूर आहे, गोंड राजा बख्त बुलंद शाह आहे, सीताबर्डीची लढाई आहे. १८१७ वर ऐतिहासिक लिहा, प्रकाशक दारात येतील. अद्भुत वगैरे पुढच्या पुस्तकात.

फर्मा_सोळा
मी छपाई आणि डीटीपीच्या (संगणकावर पानं लावायच्या) धंद्यात आहे, लेखक नाही. प्रकाशक १०० पानांवर का अडून बसतो त्याचा हिशेब सांगतो, म्हणजे त्याचा राग येणार नाही.

७० हजार शब्द म्हणजे डेमी आकारात, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकारात, पानाला २७०च्या आसपास शब्द धरले तर साधारण २६० पानं. सुरुवातीची पानं धरून २७२. पुस्तक १६ पानांच्या फर्म्यात छापलं जातं, म्हणजे हे १७ फर्मे झाले. १०० पानांचं पुस्तक सात फर्म्यांत आटोपतं. कागद, छपाई, बांधणी सगळं अडीच पट. आता किंमत ३५० रुपये ठेवली आणि ५०० प्रती काढल्या असं समजू. विक्रेत्याचं आणि वितरकाचं कमिशन मिळून किमतीचा तिसरा हिस्सा सहज जातो, कधी त्याहून जास्त. लेखकाला १० टक्के मानधन, म्हणजे सगळ्या प्रती विकल्या तर तुमच्या हाती १७,५०० रुपये. उरलं त्यात प्रकाशकाचा छपाईखर्च, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदाम, पोस्ट. नव्या लेखकाच्या नव्या प्रकारच्या पुस्तकावर तो एवढे पैसे अडकवायला घाबरतो, आणि घाबरण्यात गैर काही नाही.

पण एक गोष्ट बदललीय. पूर्वी ऑफसेटला हजार प्रती काढल्याशिवाय परवडत नव्हतं. आता डिजिटलवर १००–२०० प्रती निघतात. प्रतीमागे खर्च जास्त, पण घरात गठ्ठे पडून राहत नाहीत. म्हणून प्रकाशकाला ‘आधी २०० काढा, चाललं तर ऑफसेटला जाऊ’ असं विचारायला हरकत नाही. आणि एक, रजिस्टर्ड बुकपोस्ट २०२४ च्या डिसेंबरात बंद झालं. लहान प्रकाशकाला एकेक प्रत घरपोच पाठवणं तेव्हा महाग झालं. ‘ऑनलाइन विकू’ म्हणणाऱ्याला पोस्टेज कोणाच्या खिशातून जाणार ते विचारा.

पैसे भरून काढायचं असेल तर प्रकाशकाकडून नका काढू. स्वतः छापा, स्वतः विका. पैसे तुमचे आणि मालकी त्याची, असा सौदा कोणत्याच धंद्यात नसतो.

वाचनवेल
@कडूलिंब, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. आमच्याकडे अजूनही पुस्तकाच्या मागच्या पानावर तारखेचा शिक्का मारतो. पाचवी-सहावीच्या मराठी पुस्तकांची ती पानं शिक्क्यांनी भरून जातात, वर नवी चिठ्ठी चिकटवावी लागते. आठवी-नववीसाठी म्हणून मराठीत द्यायला माझ्याकडे जी पुस्तकं आहेत त्यात थोरांची चरित्रं आहेत, उपदेशाच्या कथा आहेत आणि जुन्या रहस्यकथा. त्या रहस्यकथांचे कोपरे झिजलेत, शिवण उसवलीय. चरित्रं कोरी करकरीत. आता यावरून मुलांना मराठी नको असं म्हणायचं की मराठीत त्यांना हवं ते नाही असं म्हणायचं?

‘किशोर’ मासिक १९७१ पासून बालभारती काढते. मुलं तिथवर आनंदाने येतात. तिथून थेट मोठ्यांच्या कादंबरीवर उडी मारा असं आपण त्यांना सांगतो. मधली पायरीच बांधलेली नाही. ताई, छापायच्या आधी तुमची पहिली पाच प्रकरणं मला द्या. शनिवारी दप्तराविना वर्ग असतो, नववीच्या मुलांपुढे वाचू.

बर्डीकर
वाचनवेल, +१००.

टिळक_रोड_पुणे
लेखिकेला एक प्रश्न. संवाद नागपुरी बोलीत आहेत का? असतील तर तिथेच अडचण होईल. पुण्या-मुंबईच्या मुलांना ‘करून राहिली’, ‘काहून’ समजायला वेळ लागतो. प्रमाणभाषेत ठेवा, बाजार मोठा होईल. माझा हेतू चांगला आहे.

संत्र्याची_फोड
काहून बाप्पा? आमची पोरं आजवर पुण्याच्या वाड्यातल्या गोष्टी वाचूनच मोठी झाली ना? ‘पर्वती’, ‘शनिपार’ हे काय आम्ही नकाशात पाहून शिकलो? वाचत गेलो, समजत गेलं. महालातली पोरगी आपल्या मैत्रिणीशी ‘तू काय करीत आहेस’ असं बोलली तं पहिल्याच पानावर पुस्तक खोटं वाटन. निवेदन प्रमाण ठेवा, बोलणं आमचं ठेवा. इथलं पोरगं ‘हो ना बे’ वाचून जे हसन, त्याच्यासाठी तं हे पुस्तक आहे!

अंबाझरीकाठ
@टिळक_रोड_पुणे, संवाद बोलीतच आहेत, निवेदन प्रमाण मराठीत. तिची आजी पूर्ण झाडीपट्टीतलं बोलते, कारण ती भंडाऱ्याकडची आहे. हे बदलणार नाही.

@फर्मा_सोळा, हिशेब वहीत उतरवून घेतला. कोणीतरी आकडे समोर मांडले की बरं वाटतं.

@कडूलिंब, राग नाही. १८१७ वर लिहिणारे आहेत आणि चांगले आहेत. मला तो विषय बोलावत नाही.

@वाचनवेल, प्रकरणं आजच पाठवते.

दूरदेशी
मी मूळची रामदासपेठेतली, सध्या अमेरिकेत. इकडे याची एक ठरलेली वाट आहे. लेखक थेट मोठ्या प्रकाशकाकडे जातच नाही. आधी साहित्यिक एजंटला एक पानाचं पत्र आणि पहिली काही पानं पाठवायची. एजंटने घेतलं तर तो प्रकाशक शोधतो, करार करून देतो आणि लेखकाच्या कमाईतले साधारण १५ टक्के घेतो. लेखकाने एजंटला आधी एक पैसाही द्यायचा नसतो. मराठीत एजंट फारसे नाहीत, पण ते एक पानाचं पत्र उचलण्यासारखं आहे. नायिका कोण, तिला काय हवंय, आड काय येतं, हुकलं तर काय जाईल, पुस्तक केवढं आणि कोणत्या वयासाठी. शेवट सांगायचा नाही. मराठी लेखक ‘सोबत हस्तलिखित जोडले आहे, कृपया विचार व्हावा’ एवढंच लिहितात आणि प्रकाशकाने अडीचशे पानं आपणहून उघडावीत अशी अपेक्षा धरतात.

सालेकसा
सगळं वाचलं. तिसरा भाग कचारगडचा आहे हे वाचून थांबलो, म्हणून लिहितो.

मी गोंड आहे, त्याच तालुक्यातला. कचारगड आमच्यासाठी गोष्टीतली जागा नाही. माघ पौर्णिमेला चार-पाच राज्यांतून लोक तिथे येतात. माझी आई चालत जायची, मी गाडीने जातो, पण जातो. गुहेत कोंडलेली मुलं कशी बाहेर आली, पारी कुपार लिंगोने काय केलं, जंगो रायताडने मुलांना कसं सांभाळलं, हिरासुका पाटालीरची किंगरी कशी वाजली, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि मानतो. आमचा कोया पुनेम जिवंत धर्म आहे. पंढरपूर घेऊन कोणी ‘अद्भुतरम्य काल्पनिक’ असं मुखपृष्ठावर छापलं तर वारकऱ्याला कसं वाटेल?

लिहू नका असं म्हणत नाही. पण विचारा : तुमच्या नायिकेला कचारगडला काय मिळतं? एखादी शक्ती, एखादा मंत्र? तिला वाट दाखवणारा म्हातारा गोंड आहे का, जो ज्ञान देतो आणि पुढच्या पानावर मरतो? असे म्हातारे आम्ही पुष्कळ पाहिलेत, सिनेमात आणि पुस्तकांत. आमची मुलगी नायिकेच्या बरोबरीने चालते का? तिला स्वतःचं काही हवं असतं का?

झणझणीत
म्हणजे आता कल्पनेलाही परवानगी काढायची? रामायण-महाभारतावर लोक वाट्टेल ते लिहितात.

सालेकसा
लिहितात, आणि त्या लिहिणाऱ्यांच्या घरात रामायण-महाभारत असतं. मी परवानगीचं बोललो नाही, विचारण्याचं बोललो.

अंबाझरीकाठ
@सालेकसा भाऊ, तुम्ही वेळ काढून लिहिलंत. तिसऱ्या भागात म्हातारा नाही. नायिकेची वर्गमैत्रीण आहे, वसतिगृहात राहणारी, ती तिला गावी नेते. पण गुहेत नायिकेला एक उत्तर मिळतं, आणि तुमचा पहिला प्रश्न नेमका तिथेच येऊन लागतो. हा भाग तुम्हाला पाठवला तर वाचाल का? तुम्ही म्हणाल ते सगळं मान्य करीन असं आधीच कबूल करत नाही, पण तुम्ही वाचल्याशिवाय तो छापणार नाही.

सालेकसा
पाठवा. माझी पुतणी अकरावीत आहे, तिलाही देतो. तिचं मत माझ्यापेक्षा कडक असतं.

माहुरझरी
अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी होतो. जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली. इंग्रजांच्या काळात रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने काही उकरून पाहिली. आतून लोखंडी हत्यारं आणि भांडी निघाली. काही दगडांवर छोटे गोल खळगे कोरलेले आहेत आणि ते कशासाठी याची खात्रीशीर उकल अजून नाही. जवळच माहुरझरीला मौल्यवान दगडांचे मणी घडवले जात आणि तिथल्या दफनांत घोडे सापडले, तांब्याच्या शिरोभूषणासह. ही माणसं कोण होती, कोणती भाषा बोलत होती, देवाला काय म्हणत होती, कोणालाच माहीत नाही. गोष्ट लिहिणाऱ्याला एवढी मोकळी जागा नागपूरच्या वेशीवर आहे. गुहेतलं उत्तर या लोकांकडून आलं तर कोणाच्या श्रद्धेला धक्का लागणार नाही, आणि कादंबरीतला पहिला धागाही तुटणार नाही.

अंबाझरीकाठ
घोड्यांचं शिरोभूषण! जुनापाणी किती वेळा पाहिलं, पण माहुरझरीचे घोडे माझ्या कथेत नाहीत. आज झोप लागणार नाही.

संत्र्याची_फोड
मारबतीचं कोणी बोललंच नाही अजून. पिवळी आणि काळी, १८८० च्या दशकापासून निघून राहिल्या. काळीचा संबंध लोक भोसल्यांच्या बाकाबाईशी लावतात, इंग्रजांना सामील झाली म्हणून. पिवळी घरातली वाटते, काळी पाहून लहानपणी आम्ही आजीच्या मागं लपत होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे पोरांचा तान्हा पोळा, लाकडी बैलं सजवून, आणि त्याच दिवशी तिकडे मारबत. आणि बडगे! दरवर्षी नवीन पुतळे, महागाईचा, भ्रष्टाचाराचा. कादंबरीत बडगे आहेत ना ताई?

अंबाझरीकाठ
आहेत. बडगे बोलतात.

संत्र्याची_फोड
मग मी दोन प्रती घेतो.

पाचवे_कलम
वकिली करते, कॉपीराइटची कामं येतात. इथे बऱ्याच जणांनी छपाईचं सांगितलं, कराराचं कोणीच नाही. पहिलं पुस्तक येणार या आनंदात लेखक जिथे सही म्हणाल तिथे करतो, म्हणून जरा लांब लिहिते.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. लिहिलंत त्या क्षणी हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. केली तर वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते आणि साहित्यकृतीला फी ५०० रुपये आहे. हक्क तुमच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. म्हणजे ‘सर्व हक्क कायमचे प्रकाशकाधीन’ या एका ओळीवर सही केलीत तर तुमच्या नातवंडांपर्यंतचं देऊन टाकलंत.

कलम १९ नीट वाचा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी हवा, तोंडी चालत नाही. किती काळासाठी दिला ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर तो परत येतो, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. हे शेवटचे शब्दच घात करतात, कारण छापील करारात ‘वेगळं’ ठरवून ठेवलेलं असतं. म्हणून ‘सही झाल्यापासून १२ महिन्यांत पुस्तक आलं नाही तर हक्क लेखकाकडे’ हे वाक्य आपणच घालून घ्यायचं.

छापील मराठी पुस्तकाचा हक्क द्या. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, भाषांतर, चित्रपट-मालिका हे प्रत्येक वेगळं लिहा. अद्भुत कादंबरीत तर हे फार महत्त्वाचं. तुमचं जग, पात्रं, पुढचे भाग यांवर प्रकाशकाचा दावा नसावा. ‘पुढील पुस्तके प्रथम आम्हास’ असं कलम दिसलं तर खोडा. मानधन विक्रीवर की छपाईवर, हिशेब वर्षातून कधी, आवृत्ती संपली हे कसं ठरणार, तेही लिहून घ्या.

आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या संकेतस्थळावर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. ‘आयएसबीएनचे एवढे हजार’ कोणी मागितले तर तिथूनच निघा.

बर्डीकर
हा प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवा) केला. वेगळा धागा काढा वकीलसाहेबा, प्लीज.

ई_पान
छापील पुस्तकाच्या मागे एवढं का लागताय? ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तक टाकता येतं. ७० टक्के मानधन मिळतं. प्रतिलिपी या संकेतस्थळावर रोज एक प्रकरण टाका, वाचक आपोआप येतील.

फर्मा_सोळा
७० टक्क्यांची अट पण सांगा. भारतातल्या विक्रीवर ते हवं तर पुस्तक ९० दिवसांच्या मुदतीने फक्त त्यांच्याकडेच डिजिटल स्वरूपात ठेवायचं, नाहीतर ३५. आणि एकदा प्रतिलिपीवर सगळं टाकलं तर ‘हे तर फुकट मिळतं’ म्हणून प्रकाशक मागे सरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ई_पान
उलटंही पाहिलंय. हजारो वाचक दाखवले की प्रकाशक स्वतः फोन करतो. पण कादंबरी रहस्यावर उभी असेल तर सगळी टाकू नये, एवढं मान्य.

वाचनवेल
पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांकडे किंडल कुठे असतं? फोन हातात दिला तर ती कादंबरी वाचणार नाहीत. शाळा-वाचनालयात कागदाचं पुस्तक हवं.

श्रीलिपी_ते_युनिकोड
एक बारीक पण जीवघेणी गोष्ट. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलंय ना? बरेच अक्षरजुळणीवाले अजून जुन्या फॉन्टमध्ये पानं लावतात आणि मजकूर रूपांतरित करून घेतात. त्यात ‘ऱ्य’ मोडतो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’, आणि मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यात खडा जातो. ‘ॲ’ कधी चौकोन होतो, कधी गायबच. पहिल्या प्रुफात ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हं आधी शोधा, मग वाक्यं वाचा. आता युनिकोड फॉन्ट थेट चालवणारे डीटीपीवाले पुष्कळ आहेत, त्यांच्याकडेच जा.

फर्मा_सोळा
शंभर टक्के. आमच्याकडे युनिकोडच.

कडूलिंब
मी अजून माझ्या मतावर आहे, पण एक भर घालतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. जाहिरात निघते तेव्हा हस्तलिखित पाठवायचं, निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. अट अशी की पुस्तक तुमचं पहिलंच हवं. म्हणजे घाईने स्वतः छापलंत तर ही वाट बंद. राज्य वाङ्मय पुरस्कारातही प्रथम प्रकाशनाचे वेगळे पुरस्कार असतात, पहिलं पुस्तक एकदाच होतं. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात एक चक्कर मारा. इथल्या प्रकाशकांची आणि लिहित्या माणसांची ओळख पत्रापेक्षा तिथे लवकर होते.

अंबाझरीकाठ
@कडूलिंब, तुमच्या मतापेक्षा ही माहिती मला जास्त आवडली :) मनापासून आभार.

धरमपेठ_एक्स्प्रेस
बाबांच्या आयडीवरून लिहीत आहे, बाबांना विचारून. मी नववीत आहे. वाचनवेल मॅडमनी शनिवारी आमच्याच वर्गात पाच प्रकरणं वाचली. ही तीच कादंबरी आहे हे बाबांनी धागा दाखवल्यावर समजलं.

मला आवडली. जुम्मा तलावाजवळ ती पळते ते प्रकरण सगळ्यात भारी, कारण तो रस्ता मी रोज पाहतो, आता तिकडे संध्याकाळी पाहायला कसंतरी होतं. नाही आवडलं ते सांगू का? दुसऱ्या प्रकरणात तिची आई मोबाइलबद्दल खूप बोलते, तेव्हा वर्गात चुळबुळ सुरू झाली. आम्हाला ते घरी ऐकायला मिळतं. आणि मारबत म्हणजे काय ते दोन पानं समजावून सांगितलंय. नागपूरच्या मुलांना माहीत आहे आणि बाकीच्यांना पुढे कळेलच. इंग्रजी पुस्तकात ते त्यांचे सण कुठे समजावतात?

शेवटी ती सगळं विसरून अभ्यासाला लागते असं करू नका प्लीज. मराठी पुस्तकात नेहमी तसंच होतं. आमच्या वर्गातल्या मुली म्हणाल्या की बडगे अजून बोलायला पाहिजेत. सहावं प्रकरण कधी मिळेल?

संत्र्याची_फोड
घ्या! संपादक सापडला.

वाचनवेल
तो लिहितोय खरंच तसंच झालं. वाचून संपवलं तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली होती, पाच-सहा जण डबा न उघडता माझ्यापाशी आली. एकीने विचारलं, ‘मॅडम, ही लेखिका जिवंत आहे का?’ मराठी पुस्तक लिहिणारी व्यक्ती आपल्याच गावात, आपल्याच काळात असू शकते हे त्या मुलीला नवीन होतं.

टिळक_रोड_पुणे
हे वाचून माझा बोलीचा आक्षेप मागे घेतो. माझी भाची आठवीत आहे, तिच्यासाठी प्रकरणं मिळतील का? पुण्याच्या मुलीला किती समजतं तेही कळेल.

अंबाझरीकाठ
सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. ठरवलंय ते लिहिते.

पैसे भरून कुठेही देणार नाही. मोबाइलवरचं भाषण आणि मारबतीची ती दोन पानं कालच काढली, प्रकरण त्यामुळे पळायला लागलं. शेवटी ती अभ्यासाला लागत नाही, @धरमपेठ_एक्स्प्रेस, एवढं आत्ताच सांगते. सालेकसा भाऊंच्या पुतणीचं पत्र आलं, चार पानांचं. गुहेतलं उत्तर काढून टाकतेय. मैत्रिणीला स्वतःचं कारण मिळालंय, ती नायिकेला मदत करायला येत नाही, आपल्या कामाला येते, आणि दोघींची एका जागी टक्कर होते. ते प्रकरण नव्याने लिहावं लागेल आणि मला ते लिहायची घाई झालीय. कचारगड कादंबरीत दुरून दिसेल, आत कोणी जाणार नाही. माहुरझरीचे घोडे येताहेत.

दूरदेशी यांनी सांगितलं तसं एका पानाचं पत्र लिहिलंय. ते, पहिली तीन प्रकरणं आणि नववीच्या मुलांचे अभिप्राय, असं एकत्र दोन प्रकाशकांना पाठवेन. आधी २०० प्रती, हे विचारेन. मंडळाची जाहिरात येईपर्यंत स्वतः छापणार नाही. करार आला की @पाचवे_कलम, तुम्हाला विचारल्याशिवाय सही नाही.

ई_पान, मुलांनी वाचलेली पहिली पाच प्रकरणं तेवढी नेटवर ठेवेन, पुढची नाहीत.

पाचवे_कलम
करार आला की पानं फोटो काढून नको, पीडीएफ पाठवा. परिशिष्टासकट. महत्त्वाचं कलम नेहमी परिशिष्टात असतं.

झणझणीत
आधीच्या प्रतिसादात माझा सूर चढला होता. सालेकसा, तुमच्या पुतणीने काय लिहिलं ते तिची हरकत नसेल तर वाचायला आवडेल.

सालेकसा
विचारतो तिला. ती म्हणते, आधी कादंबरी येऊ द्या.

बर्डीकर
अशा पुस्तकाला नकाशा लागतो ना सुरुवातीला? अंबाझरी, फुटाळा, जुम्मा तलाव, नाग नदी, बर्डीचा किल्ला, काटोल रोडने जुनापाणी, पुढे माहुरझरी. माझी बहीण आर्किटेक्ट आहे, हाताने फार सुंदर काढते. फुकट काढून देईल, तिला वाचायला मात्र सगळं द्यावं लागेल.

फर्मा_सोळा
काढू द्या. पण काळ्या रेषेत, राखाडी छटा नको, साध्या कागदावर चिखल होतो. मुखपृष्ठाच्या आत छापू नका, वाचनालयवाले तिथेच पिशवी चिकटवतात. पहिल्या फर्म्यातली समोरासमोरची दोन पानं घ्या आणि मधल्या घडीत अर्धा इंच मोकळं सोडा, नाहीतर नाग नदी शिवणीत जाईल.